कमलआत्याची वाटी

कमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या बाजारात मेथी निवडत होते. दुपारी जेवून ती अंगणातल्या खाटेवर टेकली, ती टेकलीच... हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. महिना उलटून गेला. परवा पौर्णिमेला जानेफळच्या विहारात वंदनेला बसलो आणि सुरुवात कोण करणार म्हणून सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पहिला आवाज नेहमी आत्याचा असायचा.

हा आवाज मध्यंतरी हरवला होता. आतोबा गेल्यावर तिची झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती गोळी दिली. पुढे सकाळी उठताना तिचा तोल जाऊ लागला, दुपारपर्यंत डोळे जड. एकदा तर पंचशील म्हणतानाच ती अडली. लहानपणापासून तोंडपाठ, तरी पुढचं आठवेना. घरी येऊन म्हणाली, "माहं डोकं गेलं वं पोरी. आता मी विहारात येत नाही." आत्या कशाला न भिणारी बाई. तिचा तो चेहरा पाहून मी तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं आणायला सांगितली. पिशवी टेबलावर रिकामी केली, तर त्यांनी न दिलेलं एक पाकीट निघालं. "हे कोणी दिलं?"

आत्या बिनधास्त म्हणाली, "शेवंताच्या वाटीत आलं."

शेजारच्या शेवंताबाईंचा भाजीचा मळा. दोन्ही घरांत एक स्टीलची वाटी वर्षानुवर्षं ये-जा करते. इकडून विरजण गेलं की तिकडून शेंगा, चटणी, काहीतरी येणार. वाटी रिकामी परत करणं त्यांना जमतच नाही. एक दिवस घरात काहीच नव्हतं, म्हणून शेवंताबाईंनी आपल्या झोपेच्या गोळ्या घातल्या. "मले लय गुण आला, म्हटलं कमललेही यीन," हे त्यांनी नंतर मला सांगितलं. आणि आत्या आपली एक, वाटीतली एक, अशा दोन घेत होती.

"नाव वेगळं, रंग वेगळा, औषध एकच," डॉक्टर म्हणाले. "डोस दुप्पट झाला. हा तोल, हा विसर त्यापायी. पण मनानं एकदम बंद करू नका. मी सांगतो तशी कमी करत नेऊ." हळूहळू गोळी सुटली. रात्री झोप यावी म्हणून डॉक्टरांनी दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहाही सोडायला लावला, त्या चहासाठी मात्र आत्यानं डॉक्टरांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. आषाढ पौर्णिमेला ती न अडखळता सगळं म्हणाली, तेही जरा जास्तच मोठ्यानं. आम्हाला ऐकवायचं होतं तिला. त्यानंतर कितीतरी पौर्णिमांना ती वंदना म्हणत राहिली.

परवा मी निघताना शेवंताबाई वाटी घेऊन आल्या. आत्यानं शेवटचं विरजण दिलं, तेव्हापासून ती त्यांच्याकडेच होती. वाटीत लसणाची चटणी. "चटणीच हाय बाई, गोळ्या नाही," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. मीही रडले, मग दोघीही हसलो.

पुढच्या पौर्णिमेला वाटी विरजणानं भरून न्यायची आहे. वंदना मी सुरू करायची, हे बायकांनी परस्पर ठरवून टाकलंय. पाठ आहे मला. आत्यानंच करून घेतलं होतं.