अ‍ॅम्पमधली खणखण

पंचेचाळिशी उलटल्यावर मी बेस गिटार शिकायला घेतली. लातूरच्या एका शिकवणी वर्गात मी भौतिकशास्त्र शिकवतो. दोनशे मुलांसमोर फळ्यावर कंपने मांडताना मला संकोच वाटत नाही. घरात एक तार छेडायची, तर मात्र मी दार लावून घेतो.

अ‍ॅम्प्लिफायर जुना होता. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतला आणि एसटीने आणला. देताना त्याने दोनच गोष्टी बजावल्या होत्या: चालू करण्याआधी आवाज शून्यावर आणायचा, आणि केबल ओढून काढायची नाही. मी दोन्ही कसोशीने पाळल्या.

मी वाजवायला बसलो की आई खुर्ची उचलून अंगणात जायची. माझ्या वाजवण्यावरचे ते तिचे मत असावे, असे मी धरून चाललो. विचारले नाही.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की सर्वांत जाड तार छेडली की सुरामागे बारीक खणखण येते. मी केबल बदलली. जॅक पुसला. नॉबमध्ये सफाईचा फवारा मारून ते पुन्हा पुन्हा फिरवले. स्पीकरचे स्क्रू आवळले. खणखण तशीच राहिली. शेवटी नांदेडला फोन केला.

"सर, अंगणात नेऊन वाजवा की," तो म्हणाला.

नेला. अंगणात सूर स्वच्छ आला.

"मंग मशीन चांगली हाय. तुमचं घर वाजून राहिलं. एवढं शिकवता अन् हे न्हाई सुचलं?"

अ‍ॅम्प पुन्हा आत आणला. त्याला मोबाइल जोडून एक सलग खालचा सूर लावून ठेवला आणि मी खोल्या फिरलो. आवाज आईच्या खोलीतून येत होता. फळीवर स्टीलचा एक पेला सरळ ठेवलेला होता, त्यावर दुसरा पालथा, आणि त्या पालथ्यावर एक वाटी. भूकंपानंतर आमच्या भागात कितीतरी घरांत अशी भांडी रचलेली असत. जमीन हलली, तर माणसाआधी ती वाजावीत. बहुतेकांनी ती केव्हाच उतरवून ठेवली होती.

भूकंपाच्या पहाटे मी नांदेडच्या वसतिगृहात होतो. किल्लारीजवळच्या आमच्या गावी आईला भांडी वाजल्याचे ऐकू आले आणि ती उठून बाहेर आली. "मांजर असंल," म्हणून वडील पडून राहिले. हे मी इथे लिहितो तितक्याच शब्दांत तिने मला सांगितले होते, आणि मीही पुढे काही विचारले नव्हते.

मी अंगणात गेलो. "आई, तू त्या पेल्यांमुळे बाहेर येतेस?"

"मग? भुई हालली का तू वाजवलंस, आत बसून कसं कळावं?"

"सांगायचं नाही का?"

"तू आपल्यासाठी म्हणून कधी काय घेतलंस? म्हटलं, वाजवू दे."

मी पेले उतरवू का, असे विचारले. तिने नको म्हणून मान हलवली. मग मी, सवयीने, तिला समजावू लागलो: भूकंपाची कंपने याहून पुष्कळ संथ असतात, दोन्हींत गल्लत होण्याचे कारण नाही. तिला आत आणून तिचा हात अ‍ॅम्पच्या खोक्यावर ठेवला आणि जाड तार छेडली. सूर विरेपर्यंत तिने हात तसाच ठेवला.

"त्या पहाटं असंच होतं," ती म्हणाली.

गिटार बंद करतो म्हणालो, तर ती चिडली. "बंद कशाला करतूस? इतके दिवस म्या उगाच उन्हात बसले का?"

तेव्हापासून मी हेडफोन लावून वाजवतो. स्पीकर गप्प असतो. सूर कानांना येतो, तळपायांना कळत नाही. बेस असा वाजवणे म्हणजे पाण्याविना पोहणे, असे नांदेडचा तो गृहस्थ म्हणतो. त्याचे खरे असेल. मला फारसे काही जाणवत नाही. आई आता आतच बसते. अधूनमधून दाराशी येऊन विचारते, "वाजवतूस का रे?"

मी हो म्हणतो.