मला कुणी घराबाहेर काढलेलं नाही

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुगर काठावर आहे. रोज सकाळी चालायला लागा." माझ्या आईच्या पायाची दोन बोटं ह्या शुगरपायी कापावी लागली होती. जखम मीच धुवायची. त्यामुळे बाईंशी वाद घातला नाही. एरवी घालते.

आता मला सांगा, आमच्या वडपे गावात चालायचं कुठं आणि कशाला? भातशेती होती तेव्हा बांधावरून हिंडून पायांची वाट लागायची. मग शेतांवर गोदामं उभी राहिली, घरबसल्या भाडं यायला लागलं आणि आमची बुडं खुर्चीला चिकटली. मिठाची पुडी आणायलासुद्धा आमच्याकडे स्कूटर निघते. गावात पायी दिसतो तो एक तर गोदामातला हमाल, नाहीतर घरात भांडून निघालेला माणूस. आणि मी हमाल नव्हे, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्याच सकाळी गल्लीतल्या पुतण्यानं मोटरसायकल आडवी घातली. "काकी, कुठं चाललीस?"

"कुठंच न्हाय. चालतेय नुसती."

त्यानं अशी काही कीव करून पाहिलं माझ्याकडे! "बस मागं. झालं गेलं सोडून दे. घरी सोडतो तुला."

"अरे मेल्या, काही झालेलं न्हाय!"

"बस गं तू आधी."

बसले. काय करणार, मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

मग रोज कुणी ना कुणी थांबायचंच. कधी रिक्षावाला, कधी दूधवाला. चुलत जावेनं तर हाताला धरून घरात ओढलं. "रडू नको," म्हणाली. रडत कुठली, घामानं निथळत होते मी! दुःखी माणसाला देतात तसा साखर दाबून चहा दिला, वर खारी. "सुनेनं काय केलं ते मोकळेपणानं सांग."

"अगं, मला शुगर निघालीय."

"तेच ते. टेन्शननं होते. सुनेच्या."

पुढच्या तपासणीला साखर उतरायची सोडून वर चढलेली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चालता ना?"

"चालते तर! पण लोक गाडीत घालून परत आणतात." त्यांना वाटलं, मी थापा मारतेय.

इकडे काल्हेरला सुनेच्या माहेरी बातमी पोचली, की पोरीनं सासूला घराबाहेर काढलं. तिची आई फोनवर ढसाढसा रडली. फोन ठेवून सून तरातरा माझ्यापुढे आली. म्हटलं, आता होतंय खरंखुरं भांडण. तर तिनं पायात बूट चढवले. "चला आई, मी येते बरोबर. बघू कोण काय बोलतं ते."

निघालो दोघी. पुतण्या समोरून आला, आम्हाला बघितलं आणि गाडी बंदच केली. तोंड पाडून हळूच विचारतो, "काकी, कोण गेलं?"

अशा हसलो आम्ही की रस्त्याकडेला बसावंच लागलं. तो बिचारा गोंधळून निघून गेला. सुनेला हसता हसता धाप लागली. पदरानं तिला वारा घातला तशी म्हणाली, "चालायला मलाही सांगितलं होतं आई. बाळाच्या वेळी शुगर वाढली होती ना, तेव्हा. बाळंतपणानंतर उतरली. परवा तपासली तर परत काठावर आलीय."

एवढीशी पोर! "मग तेव्हा चालली का न्हाईस गं बये?"

"पोटुशी सून एकटी रस्त्यानं चालताना दिसली असती, तर गाव तुम्हाला काय म्हणालं असतं?"

माझ्या नावासाठी घरात बसून राहिली होती ही! मला इतका राग आला, आणि इतकं भरूनही आलं, की दंडाला धरून उठवलंच तिला. "ऊठ! उद्यापासून मी असो नसो, तू चालायचं. गाव मला कैदाशीण म्हणालं तर म्हणू दे!"