चार नंबरचा हात

आधीच सांगून ठेवतो, असले भुताखेतांचे किस्से वाचून खी खी हसणाऱ्यांपैकी मी आहे. चौकात उतारा दिसला की लोक वळसा घालून जातात. मी एकदा त्यातला नारळ उचलून चटणीला घरी आणला होता, बायकोने दारातच अडवला. तेव्हा "तुमचा गण कुठला?" वगैरे कुणी विचारू नका. फक्त जे झालं ते लिहितो... लिहिल्यावर तरी डोक्यातून जाईल असं वाटतंय.

वसई पूर्वेला माझा गाळा आहे. गाड्यांना रंग मारायचं आणि पत्र्यावर रंगीत प्लॅस्टिकची फिल्म चिकटवायचं काम. राहायला विरारला. हे काम मला शिकवलं अप्पांनी. अप्पा चांदीप गावचे, जुने स्प्रे पेंटर, माझ्या वडिलांच्या वयाचे. उजव्या हाताची अनामिका अर्धीच. बाकीची तरुणपणी एका इंजिनाच्या फॅनबेल्टने नेली. रंग मारायच्या आधी ते डोळे मिटायचे आणि हाताची पालथी बाजू पत्र्यावरून पुढून मागे हळूहळू फिरवायचे. आत ठोकाठोक करून वर खड्डे बुजवायची पुट्टी भरली असेल तर नजरेला पत्ता लागत नाही, पालथ्या हाताला लागतो. "डोला फसतो रे, हात नाय फसत," म्हणायचे.

साध्या फिल्मचं काम वाढलं तेव्हा आमचं वाजलं. मी म्हटलं, "अप्पा, फिल्मखाली सगळं झाकून जातं. आता हात फिरवत बसायला वेळ कोणाला आहे?" "झाकलेलंच भोवतं," एवढं बोलून त्यांनी डबा उचलला आणि गेले, ते पुन्हा गाळ्यावर आले नाहीत. वर्षभरात वारले. मी एका डिलिव्हरीच्या नादात होतो, चांदीपला पोचलो तो थेट बाराव्याला. लाज वाटते सांगायला, पण खरं ते खरं.

आता त्या गाडीचं. एका कंपनीने मला रंग बदलणारी फिल्म ट्रायलला दिली होती. काचेच्या आत एक छोटा कॅमेरा बसतो. गाडीसमोर उभं राहून तळहात उजवीकडे सरकवला की निळा रंग, डावीकडे सरकवला की पांढरा, मूठ मिटली की काळा. पोरंटोरं काय, म्हातारे पण बघायला थांबायचे! नवीन इशारा शिकवायचा असेल तर कॅमेऱ्यासमोर पाच वेळा करायचा, मग मोबाइलवरच्या अॅपमध्ये त्याला नंबर मिळतो. एक, दोन, तीन... तिन्ही मीच शिकवलेले.

ओळखीच्या एका डीलरने जुनी गाडी पाठवली. तिच्या डाव्या अंगाला, दोन्ही दारं आणि त्यांच्या मधल्या पिलरला, म्हणजे खांबाला, मी ट्रायल म्हणून ती फिल्म लावली. हात फिरवला? नाही फिरवला. गाडी ठरली होती शुभांगी मॅडमना. शाळेत शिकवतात. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, रिक्षात म्हातारीचे फार हाल होतात म्हणून गाडी. आई पुढे डावीकडे बसणार, हे पण ठरलेलं. दसऱ्याला डिलिव्हरी.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडू, आणि मग दिवसभर कोणी त्यांना हात लावायचा नाही. हा नियमही अप्पांचाच. पाटावर मधोमध त्यांची जुनी स्प्रेगन होती. पूजा झाली, पोरांना सुट्टी दिली, बायको घरी गेली. मी एकटाच डबा उघडून बसलो. दुपारचे चार वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन.

गाडी पांढरी उभी होती. आणि पुढच्या दारावर एक करडा पट्टा उमटला...

हाताएवढा रुंद. दाराच्या पुढच्या कडेपासून मागे सरकायला लागला. हळू, अगदी सावकाश. पिलरपाशी थांबला. तिथेच दोनदा खालीवर झाला आणि पुसला गेला. मी घास हातात घेऊन तसाच बसलो. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पिलरपाशी येऊन थांबला.

आता नीट ऐका. ही फिल्म बदलते ती अख्खी बदलते, पट्टा-बिट्टा उमटत नाही. करडा रंग तिच्यात नाहीच. आणि बॅटरीची वायर सकाळी गाळा धुताना मीच काढून ठेवली होती. करडा म्हणजे आमच्या प्रायमरचा, रंगाखालच्या पहिल्या थराचा रंग, अप्पांच्या नखांत कायम अडकलेला.

म्हटलं, सॉफ्टवेअरची भानगड असेल. मोबाइल काढून अॅप उघडलं. इशाऱ्यांच्या यादीत एक, दोन, तीन... आणि चार. चारसमोर नाव नाही. उघडून बघितलं तर शिकवलेल्या हाताची रेघांची आकृती. पालथा हात. अनामिका अर्धी.

खोटं कशाला बोलू, मी मोठ्याने म्हटलं, "अप्पा, चुकलो!" गाळ्यात कोणी नव्हतं.

मग उठलो. डोळे मिटले आणि हाताची पालथी बाजू दारावरून मागे नेत गेलो. पिलरवर, बरोबर तिथेच, हाताला उंचवटा लागला. केसाएवढा, पण होता. फळ्यावरचा लोहचुंबक आणून टेकवला. दारावर चिकटला, पिलरवर ठेवला, तर टपकन खाली पडला. वरच्यावर लोखंड नव्हतंच, नुसता पुट्टीचा थर! हत्यार उचलायचं नव्हतं, म्हणून नखांनीच फिल्म सोलली. पुट्टीचा जाड पोपडा पण निघाला. आत कापून, वेडंवाकडं जोडून, गंजून पोखरलेला पिलर. पुढच्या डाव्या सीटचा बेल्ट याच पिलरला अडकवलेला असतो. म्हणजे म्हातारीचा बेल्ट.

मॅडमना फोन लावला. "मॅडम, उद्या गाडी नेऊ नका."

"अहो, असं काय करता? आईने झेंडूचा हार ओवलाय! सकाळपासून दोनदा विचारून झालं, दारं कोणत्या रंगाची करायची."

"मॅडम, गाडी आतून कापलेली आहे. त्यांचा बेल्ट धरणार नाही."

मॅडम फोन घेऊन आईपासून बाजूला गेल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "तुम्हाला आज कळलं?"

मी म्हटलं, "मला आधीच कळायला हवं होतं."

मॅडमनी गाडी नाकारली तसा डीलर तणतणत आला. "तुझं काम वरून फिल्म लावायचं. आत काय आहे ते बघायला तुला कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने गाडी नेली, आमचा व्यवहार तिथेच संपला. मॅडमनी दिवाळीनंतर दुसरी गाडी घेतली. घेण्याआधी मला बोलावलं, आणि मी भर रस्त्यात डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला. म्हातारी हसून म्हणाली, "अरे, गाडी आहे, गाय नाही!" तो हार तिने वाळवून जपून ठेवला होता, तोच घातला.

कंपनीच्या इंजिनिअरला सगळा रिपोर्ट पाठवला. तो म्हणाला, "सर, कोणीतरी पाच वेळा हात दाखवल्याशिवाय नंबर पडूच शकत नाही." मी म्हटलं, तेच तर विचारतोय, कोणी?

उरलेली फिल्म मी भंगारातल्या एका दारावर लावून ते गाळ्यात उभं केलं आहे, त्या गाडीतून काढून घेतलेल्या कॅमेऱ्यासकट. तो पट्टा पुन्हा कधी आला नाही. आता प्रत्येक गाडीवर आधी हात फिरवतो, त्यामुळे यायचं कारणही राहिलं नाही म्हणा. कधी कधी मनात येतं, एखादा पत्रा मुद्दाम न तपासता सोडावा. सोडत नाही.

चार नंबर मी डिलीट केलेला नाही. एकदा त्याच्यापुढे 'अप्पा' लिहायला गेलो. अॅप म्हणालं, नाव द्यायचं असेल तर तोच हात पुन्हा समोर धरा. माझी अनामिका दुमडून धरून बघितली, घेतलं नाही. म्हणून रोज दुपारी चार वाजता, त्या पट्ट्याच्या वेळेला, काम थांबवतो, कॅमेरा चालू करतो आणि त्या दारासमोर थोडा वेळ स्टूल टाकून बसतो.