आईला दाखवायचा राहिलेला वाघ

आईला डाव्या डोळ्याने दिसेनासे झाले आहे, ही गोष्ट तिने आम्हां सर्वांपासून लपवून ठेवली होती. ती उघडकीस आली जेवणाच्या पानावर. ताटाच्या डाव्या अंगाला वाढलेली चटणी तशीच राहू लागली. माझ्या पत्नीचा समज असा झाला की, सासूबाईंना आताशा तिखट सोसत नाही. एके दिवशी तिने सहज ताट फिरवून ठेवले, तर चटणी संपली आणि भाजी तशीच राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचे सांगितले. गेलेली नजर परत येत नाही, उजव्या डोळ्याची उरली आहे ती टिकेल तितके दिवस आपली, असे ते मला बाजूला घेऊन म्हणाले. आईला ऐकू मात्र उत्तम येते.  परतीच्या वाटेवर मारुती मंदिराच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली,

"मग मला एकदा त्याला दाखव."

"कुणाला, आये?"

"त्याला रे." आणि तिने हाताने गुडघ्याच्या थोडी वर उंची दाखवली.

मला उमगले. मालगुंडच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आमची वाडी आहे. तिथे वाघाचे नाव सहसा कुणी घेत नाही. वर्तमानपत्रात ज्याला बिबट्या म्हणतात तो आमच्याकडचा वाघ. दिवेलागणीनंतर पुरुषमाणसे त्याला 'जनावर' म्हणतात आणि बायका नुसते 'तो' म्हणतात.

माझे वडील बोटीवर खलाशी होते. ते दर्यावर असताना, मी अजून चालतही नव्हतो तेव्हा, एका संध्याकाळी गाय परतली नाही म्हणून आई मला कडेवर घेऊन सड्यावर गेली. गाय सापडली. येताना मागे वाळक्या गवतात पावले वाजू लागली. ही थांबली की ती थांबत, ही निघाली की ती निघत. अशा वेळी मागे वळायचे नाही, पळायचे नाही आणि तोंडाने बोलत राहायचे, अशी आमच्याकडच्या जुन्या बायकांची शिकवण. आईने मोठ्याने गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे किंवा गावाच्या राखणदारापुढे उभे राहून तोंडी केलेली विनवणी. ते सहसा पुरुषांनी घालायचे असते. पण त्या वेळी तिथे दुसरे कोण होते? आमच्या अंगणाच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, ती पावले आली आणि थांबली. सकाळी माणसांनी धुळीत ठसे पाहिले.

आपला पाठलाग झाला असे आईने कधी मानले नाही. तिच्या मते त्याने सोबत केली. त्याच्या नावाने राखणदाराच्या जागेवर ती दरवर्षी नारळ ठेवत आली. एवढेच म्हणे, "ज्यानं घरापातुर सोडलं, त्याचं तोंड काय मी बघितलं नाय."

हल्लीच आमच्या शेजारच्या वाडीत एक वाघ विहिरीत पडला. त्याला वर काढला, पण पाय अधू झाल्यामुळे पुन्हा रानात सोडता येईना. म्हणून त्याला रत्नागिरीहून पालीकडे जाताना आत वळले की लागते त्या लहानशा प्राणिसंग्रहालयात आणून ठेवले. ही बातमी आईनेच माझ्याकडून वाचून घेतली होती. हा वाघ वेगळा, पण आईच्या लेखी 'तो' एकच. आता तिची इच्छा एवढीच होती: नजर आहे तोवर त्याला पाहायचे, पिंजऱ्यापुढे नारळ ठेवून दोन शब्द बोलायचे आणि नारळ परत घरी आणायचा.

येथे माझ्याविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. मी अर्जनवीस आहे. कचेरीच्या बाहेर माझे टेबल आहे आणि ज्यांना आपले म्हणणे सरकारपुढे मांडता येत नाही, त्यांचे म्हणणे मी मांडतो. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आलेला नाही. पदवीधरही माझ्याकडून मसुदा तपासून नेतात. तोंडी बोललेल्या शब्दाला आधार नसतो, हे मी रोज पाहतो. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी बदलून जातो आणि माणूस रिकाम्या हाताने माझ्या टेबलाशी येतो. म्हणून आईची इच्छा कळताच मी जे करायचे तेच केले. 'वयोवृद्ध मातेस वन्यप्राण्यासमोर श्रीफळ ठेवण्याची अनुमती मिळणेबाबत' असा अर्ज, दोन प्रतींत, रात्री बसून सुवाच्य अक्षरात लिहिला.

आईने विचारले, "काय लिवतोस?"

मी वाचून दाखवला.

"शिरीफळ कशाला रे लिवलंस? नारळ लिव की."

"अर्जात असेच लिहितात, आये."

"आन गाऱ्हाणं तोंडानं घालतात. तुला देवानं तोंड दिलंय ना? तिथं जाऊ, हात जोडू, येऊ. तू काय कलेक्टरकडं निघालास?"

मी हसलो. निघताना तिने नवे लुगडे नेसले. पिशवीत नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि माझ्यासाठी डब्यात घावणे घेतले. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला.

ते ठिकाण खरोखरच लहान आहे. तिकिटाची खिडकी, चार काजूची झाडे, जांभ्या दगडाची बाके, मोर, चितळे, कासवांची टाकी, आणि चढाच्या टोकाला जाळीमागे वाघ. फाटकावर खाकी सदऱ्यातला एक रखवालदार होता. त्याने आईची पिशवी चाचपली. नारळ हाताला लागला तसा तो थांबला. मग पिशवी तिच्याकडे परत देत हळूच म्हणाला,

"आजी, हे घरी न्यायचं हां. आत फोडायचं नाय."

"नाय रे बाबा. फोडते कशाला?"

"मग चला."

इतके सोपे होते ते. पण आपल्याला हवी ती गोष्ट कुणा रखवालदाराच्या मेहेरबानीने मिळावी, हे मला रुचले नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर? मी फोल्डर उघडला आणि अर्ज त्याच्यापुढे धरला.

"याची पोच द्या."

त्याने तो वाचला. वर पाहिले. "काका, मी तुम्हाला काय विचारलं काय?"

"न विचारता माहिती देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे."

"काका, ठेवा तो कागद खिशात. मी काय बघितलं नाय, तुम्ही काय दाखवलं नाय."

"असे कसे? आम्ही चोरून काही करणार नाही."

त्याने एकदा आईकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "मग हापिसात जावा. वर, डाव्या हाताला. आजींना बसू दे हितं सावलीत."

आई म्हणाली, "अरे जाऊ दे ना, बाबू. आधी बघून येऊ."

मी तिला म्हणालो, "दहा मिनिटांत आलो, आये. मग सगळे रीतसर होईल."

कार्यालयाची वाट वाघाच्या जाळीपुढून जाते. मी घाईने चढ चढत होतो. वाघ पुढेच उभा होता, उन्हात, जाळीला अंग लावून. माझ्यात आणि त्याच्यात हातभर अंतर असेल. मी थबकलो. मनात आले की, खाली जावे आणि आईला लगेच घेऊन यावे. पण मग आणखी एक विचार आला: आधी परवानगी हातात येऊ दे, म्हणजे पाहणे आणि नारळ ठेवणे एकाच वेळी, नियमाने होईल, म्हाताऱ्या माणसाला हा चढ दोनदा चढवायचा कशाला? तो विचार मला त्या क्षणी शहाणपणाचा वाटला. आजही त्यात तर्काची चूक मला दाखवता येणार नाही. मी पुढे गेलो.

अधिकारी बाई फेरीवर गेल्या होत्या. मी थांबलो. त्या आल्या, त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "भाषा फार चांगली आहे हो तुमची."

हे ऐकून मला आनंद झाला, हे येथे नमूद करतो.

"पण असं आहे," त्या पुढे म्हणाल्या, "प्राण्याजवळ खाद्यपदार्थ न्यायचा नाही असा नियम आहे. तुम्ही लेखी विचारलंत, तर मला लेखी नाहीच म्हणावं लागणार. आईंना वाघ दाखवा की खुशाल. नारळ तेवढा फाटकावर ठेवा."

मी तेवढ्यावर उठायला हवे होते. पण श्रीफळ हा पदार्थ खाद्य म्हणून नव्हे तर श्रद्धेचे चिन्ह म्हणून नेला जात असल्याने त्यास सदर नियम लागू होत नाही, हा मुद्दा मी मांडला. त्यांनी उत्तर दिले. मी प्रत्युत्तर दिले. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. बहुधा माझ्या वयाचा मान ठेवला. मग त्यांनी अर्जावर नकाराचा शेरा मारला, सही केली, आणि मी शिक्क्यासाठी आणखी थांबलो. कुठेतरी घंटा वाजली होती. ती कसली, हे मी विचारले नाही.

खाली आलो तेव्हा आई आणि रखवालदार गप्पांत रंगली होती.

"हा बुरोंडीचा हाय," आई म्हणाली. "ह्याची आई सुकट विकते. मी म्हटलं, ह्याची बायको तरी मासे नीट साफ करते काय? तर म्हणतो, मलाच करायला लावते!" मग माझ्याकडे तोंड करून, "झालं काय कलेक्टरचं काम?"

मी सांगितले. ती म्हणाली, "बरं. नारळ ठेव ह्याच्याकडं. मला घेऊन चल."

 रखवालदार नारळ घेऊन आमच्यासोबत वर आला. चढावर आई माझ्या दंडाला धरून चालत होती आणि मधेमधे थांबून विचारत होती, "आला काय?"

जाळी रिकामी होती. मघाची घंटा त्याच्या खाण्याची होती. वाघ आतल्या खोलीत गेला होता आणि लोखंडी दार खाली पडले होते.

"आता सकाळीच सोडतील," रखवालदार म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "मघा पुढंच होता. आजींना तेव्हाच आणलं असतं तर..." 

आई मान वाकडी करून उजव्या डोळ्याने जाळी शोधत होती. पाण्याच्या हौदाकडे पाहून तिने विचारले, "ते काय? तिकडं काळं दिसतं ते?"

"नाही आये, तो हौद आहे. तो आत गेला."

 तिने डोईवरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, तुझं घर तुटलं, तुझा पाय मोडला. आमच्याकडनं काय चुकलं असंल तर पोटात घाल. तू माझ्या पोराला घरापातुर सोडलंस, तुला हितं कोण सोडत नाय, हे मला आवडलं नाय. पण माझ्या हातात काय नाय रे म्हाराजा. तुझी भूक भागो, तुझं दुखणं बरं होवो."

गाऱ्हाण्याच्या शेवटी ऐकणाऱ्यांनी रुकार द्यायचा असतो.  माझ्याआधी रखवालदाराने, एका हातात नारळ धरूनच, टोपी काढली आणि तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."

आतून, दारामागून, काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी आशेने म्हणालो, "आये, ऐकलेस? तोच."

"आवाज कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "आवाज मला म्हायत हाय."

पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ, असे मी तिला रिक्षात सांगितले. पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. मग खोकला लांबला. मग निवडणुकीमुळे माझ्या टेबलाशी दाखल्यांसाठी गर्दी झाली. मग आई स्वतःच म्हणू लागली की, आज नको, पाय दुखतात. सकाळी तुळशीला पाणी घालताना ते तिच्या पायांवर सांडू लागले, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. आता तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

मी वाघ पाहिला होता, हे मी तिला त्या दिवशी सांगितले नव्हते. नंतर एकदा बोलता बोलता निघून गेले. ती रागावली नाही. उलट सरसावून बसली.

"तू बघितलास? मग सांग ना. कसा व्हता?"

"अंगाने पिवळा. सर्वांगावर काळे ठिपके. मागचा पाय किंचित अधू."

"ते पेपरात पण व्हतं. तोंड कसं व्हतं? डोळे?"

मला सांगता येईना. मी त्या वेळी कार्यालयाची पाटी वाचत होतो.

म्हणून मी एकटाच पुन्हा तिकडे गेलो. कागद नेला नाही. जाळीपुढे सकाळपासून उभा राहिलो. वाघ आधी मागे पडून होता, मग उठला, लंगडत पुढे आला आणि बसला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिलो, जितके निरखून पाहता येईल तितके. ते मधाच्या रंगाचे होते, उन्हाकडे वळले की फिके होत. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या पलीकडे, काजूच्या झाडांकडे पाहत होता. कपाळावर, दोन्ही भुवयांच्या मधोमध, केस गेलेली एक जुनी खूण होती. हे सगळे मी पाठ केले.

घरी येऊन आईपुढे बसलो आणि सांगितले. आयुष्यभर दुसऱ्यांचे म्हणणे मांडत आलो आहे. तेव्हा हेही मला नीट मांडता आले, असे मला वाटते. तिने मधे एकदाही विचारले नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतले.

मग माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "चांगलं सांगितलंस. पण बाबू, हा तू बघितलेला. मी बघितला असता तर मला निराळा दिसला असता."