मामाचा हात

मामाच्या हाताला चामड्याचा वास यायचा, आणि तो हात कोणाच्या थोबाडावर कधी बसेल याचा नेम नव्हता. आमच्या भागात चपला-बुटांचं एकच दुकान, ते मामाचं. कुठला जोड घ्यायचा हे गिऱ्हाईक नाही, मामा ठरवायचा. कोणी घट्ट होतो म्हटलं, की "बूट नाही, तुझं डोकं घट्ट आहे." एकदा एका गवंड्याने तळवा उचकटलेला बूट परत आणला. मामाने बूट ताणायचा लाकडी फर्मा उचलला आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. पुढच्या महिन्यात तोच गवंडी मुकाट्याने नवा जोड घेऊन गेला. जाणार कुठे?

मग हमरस्त्याला ते अवाढव्य दुकान आलं. तिथे वापरलेला जोडही तीस दिवसांत परत घ्यायचे. दीड वर्षात मामाच्या दुकानाला कुलूप लागलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला काम दिलं ते त्याच मोठ्या दुकानाने, तेही माल परत घेण्याच्या काउंटरवर. देवालाही काय काय सुचतं! मी शेजारीच बिलं करायचे. मामाविरुद्ध गिऱ्हाइकांच्या दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरीला घरी बसवणार होते, आणि मामा-मामींच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

शनिवारी भर गर्दीत तो गवंडी आला. सिमेंटने माखलेले बूट त्याने काउंटरवर आपटले. "नंबर चुकलाय."

मामाने त्याच्या पायाकडे नुसतं पाहिलं. "नंबर बरोबर आहे. चार महिने घातलेत तुम्ही."

गवंड्याने बूट उचलला आणि टाचेकडून मामाच्या तोंडावर हाणला. एकदा, मग पुन्हा. ओठ फाटला, नाकातून रक्ताची धार लागली. मामाची मूठ वळली. मी मनात म्हटलं, हाण! पाड उरलेले दात!

दुकानाचा साहेब धावत आला. आधी गवंड्याला म्हणाला, "त्रासाबद्दल माफ करा." मग मामाला, "पैसे परत देताय, की तिसरी तक्रार लिहू?"

मूठ सुटली. मामाने पैसे मोजून दिले.

गवंडी मान खाली घालून पुटपुटला, "तेव्हा मला दुसरं दुकान नव्हतं."

"मला दुसरी नोकरी नाही," मामा म्हणाला.

रांगेतल्या बाईंनी आपला खोका पुढे सरकवला. "जरा आवरा हो, कधीची उभी आहे."

मामाने बाहीने तोंड पुसलं आणि खोका उघडला. मी उठायला हवं होतं. नाही उठले. नोकरी मलाही हवी होती.