भेंडीच्या ओहळाची ओंजळ

भेंडीच्या ओहळाला बांध घालायचा तो दसऱ्यानंतर, आणि त्या बांधाची पहिली फळी बसवायची ती सावे घराण्यातील वडीलधाऱ्या पुरुषाने, असा खालच्या आळीचा जुना रिवाज होता. वडिलांमागून हे काम दिनानाथ सावे यांच्याकडे आले, तेव्हा इतरांनी त्याला मान म्हटले. दिनानाथांनी मात्र ते पहिल्या दिवसापासून काळजी म्हणूनच पत्करले.

काळजी करण्याजोगे त्यात होतेही पुष्कळ. बोईसरच्या पूर्वेकडील टेकड्यांत उगम पावणारा हा ओहळ रेल्वेच्या पुलाखालून निघून, भातखाचरांच्या कडेने वळसे घेत पश्चिमेस खाडीला मिळे. त्याच्या मुखाशीच खालच्या आळीच्या वाड्या होत्या. नारळी, पोफळी आणि त्यांच्या सावलीत वाढणाऱ्या पानवेली यांवर आळीची पन्नास बिऱ्हाडे पोसली जात. पावसाळ्यात ओहळाचा लोंढा खाडीचे पाणी दूर लोटी. पण पाऊस सरला की ओहळ रोडावे आणि समुद्र भरतीसरशी आत घुसू पाही. म्हणून दोन दगडी खांबांच्या खाचांत फळ्या उतरवून, त्यांच्यामध्ये पेंढा आणि चिकणमाती ठासून ओहळ अडवायचा. मग वरचे गोडे पाणी साठे, जमिनीत मुरे आणि आळीच्या विहिरींना वैशाखापर्यंत गोडवा टिके.

दिनानाथांचा सगळा हिवाळा या बांधावर जाई. एखाद्या खेकड्याने मातीत बीळ पाडले तरी त्यांना अन्न गोड लागत नसे. फळ्या क्रमानेच लागल्या पाहिजेत, माती मळलेलीच हवी, पेंढा ओला नको, असा त्यांचा कटाक्ष असे. "दिनाच्या बांधात खेकडा शिरतो, तो चपला बाहेर काढून," असे शेजारचे तात्या चुरी म्हणत, आणि आळी हसे. दिनानाथ हसत नसत. ते बीळ शोधायला वाकलेले असत.

बांधाबरोबर ओंजळीचाही रिवाज होता. फळी उतरवण्यापूर्वी सावे पुरुषाने ओहळात उतरून ओंजळभर पाणी प्यायचे आणि मोठ्याने "गोड" म्हणायचे. मग नारळ पाठवून बोलावलेल्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी एकेक ओंजळ प्यायची, मातीची एकेक पाटी टाकायची आणि नारळाचे खोबरे वाटून घ्यायचे. पूर्वजांनी हे का घालून दिले, याचा विचार फारसा कोणी करीत नसे. जे पाणी आपल्याला खाली जाऊन चारचौघांसमोर प्यायचे आहे, त्यात कोणी म्हशी धूत नसे किंवा मेलेले जनावर टाकत नसे, एवढे मात्र खरे.

पुढे तारापूरला वीजकेंद्राचे काम निघाले. बोईसरला परगावच्या माणसांची रीघ लागली. पुलाखालच्या खाचरांचे मालक जमिनी विकून मोकळे झाले आणि ओहळाच्या काठाने भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उठल्या. टेकड्यांवरचा झाडोरा सरपणासाठी उतरू लागला, तसा ओहळही दसऱ्यालाच भाद्रपदातल्या निम्मा दिसू लागला. दिनानाथांनी हे सर्व पाहिले होते. एका वर्षी बांधाच्या आमंत्रणाचा प्रश्न निघाला, तेव्हा तात्या म्हणाले, "खोल्यावाल्यांना कशाला नारळ पाठवायचा? कोण, कुठले? आज हायत, उद्या नाय."

दिनानाथांना ते पटले नव्हते. पण त्यांनी खोल्यांकडे नारळ धाडला नाही. भांडण टाळणे हाही त्यांच्या नीटनेटकेपणाचाच भाग होता.

बांधाच्या दिवशी ते ओहळात उतरले. ओंजळ ओठांना लावली आणि जिभेवर काहीतरी बुळबुळीत पसरले. साबणाचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक वास, ज्याचे नाव घेणेही त्यांना नको वाटले. काठावर सारी आळी उभी होती, वरच्या अंगाचे मात्र कोणी नव्हते. पत्नी जमना नारळ घेऊन थांबली होती, धाकटी नात रखमा तिच्या पदराशी चुळबुळत होती. त्या जागी उभे राहून "गोड" याखेरीज दुसरा शब्द त्यांच्या आजोबांनीही उच्चारला नव्हता. दिनानाथांनी घोट गिळला.

"गोड," ते म्हणाले.

दिवाळी उलटली आणि बांधामागच्या पाण्यावर हिरवट साय धरली. दिनानाथ रोज सकाळी तिथे जात, काठी पाण्यात बुडवून नाकाशी नेत आणि घरी येऊन पाटावर बसत. मग एके दिवशी रखमाला जुलाब लागले. पाठोपाठ चुरींच्या सुनेला, मग मधल्या घरांतल्या तीन मुलांना. पालघरहून डॉक्टर आणले. त्यांनी औषध दिले, पाणी उकळून पिण्यास सांगितले आणि जाताना विहिरीत डोकावून कपाळाला आठ्या घातल्या. त्या आठ्या दिनानाथांच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

दुसऱ्या सकाळी जमना चुलीपाशी उकळलेल्या पाण्याचा हंडा उतरवीत होती. "आवो, एक विचारू? बांधाच्या दिवशी ओंजळ घेतलीत, ती कशी लागली होती?"

दिनानाथांनी रखमाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. पोरीचे डोळे खोल गेले होते.

"घाण लागली होती," ते म्हणाले.

"आणि गोड म्हणालात?"

"दुसरं काय म्हणायचं असतं, ते मला कोणी शिकवलंच नाय."

जमनाने हंड्यावर झाकण ठेवले. "मग आता शिका," ती म्हणाली.

त्याच सकाळी ते तात्यांकडे गेले. तात्या वाडीत पानवेली बांधत होते. त्यांच्याएवढ्या पानवेली आळीत कोणाच्याच नव्हत्या.

"तात्या, बांध काढायचा हाय."

"डोकं फिरलंय काय तुझं? देवदिवाळी तोंडावर आली. अवसेचं उधाण आत शिरलं तर वेल मुळासकट जळेल. नवा वेल लावून पान हाती यायला किती वर्षं लागतात, तुला सांगायला पायजे?"

"नाय काढला तर विहिरी जातील. आधीच गेल्यात."

"पोरं औषधानं बरी होतात. वेलाला औषध नाय, दिना."

दिनानाथांनी आपला विचार समजावून सांगितला. अमावास्येला दुपारी भरती वळली की पाणी झपाट्याने उतरते. तेव्हा फळ्या काढल्या तर साचलेली घाण ओहोटीबरोबर समुद्रात जाईल. सांजेला समुद्र परतण्यापूर्वी फळ्या बसवून माती ठासायची, की खारे पाणी बाहेर राहील.

"आणि फळी बसली नाय तर?"

"बांधाला लागून पहिली वाडी माझीच हाय."

"ते मला ठाऊक हाय. दुसरी माझी हाय, ते तुला ठाऊक हाय काय?" तात्या कडवटपणे म्हणाले आणि पाठ फिरवून वेल बांधू लागले.

अमावास्येच्या दुपारी फळ्या निघाल्या. साचलेले पाणी असे घोंघावत सुटले की काठावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले. हिरवी साय, चिंध्या, तुटकी पायताणे, काय काय त्यातून वाहत गेले. दिनानाथांचे लक्ष मात्र सारखे पश्चिमेकडे होते. खाडीतला चिखल उघडा पडला, बगळे उतरले. आणि उन्हे कलती झाली तशी चिखलाच्या कडेने पाण्याची एक बारीक रेघ पुढे सरकू लागली.

"फळ्या!" दिनानाथ ओरडले.

खालची फळी उतरली. दुसरी मात्र खाचेत अर्ध्यावरच अडली. हाणली, उचलली, पुन्हा हाणली. ती तिरपीच राहिली. रेघेचा आता पसारा झाला होता. फटीतून खारे पाणी चुळकन आत आले आणि दिनानाथांच्या पोटऱ्यांना लागले. कोणत्या फळीनंतर कोणती, हे त्यांना जन्मात प्रथमच आठवेना.

"सरक बाजूला," मागून आवाज आला. मजा बघून येतो, असे बायकोला सांगून आलेले तात्या धोतर खोचून चिखलात उतरले होते. त्यांनी खांबाला छाती लावून खाचेत खांद्यापर्यंत हात घातला. "काय अडकलंय रे इथं... चिंध्यांचा बोळा! मेल्यांनी आख्खं अंथरूण धाडलंय वरून." त्यांनी तो उपसून फेकला. फळी खाडकन बसली. मग साऱ्या आळीने दिवेलागणीपर्यंत माती ठासली.

तरीही काही खारे पाणी आत शिरलेच होते. आठवड्याभरात दिनानाथांच्या पहिल्या ओळीतल्या वेलींची पाने कडेने करपली. तात्यांची एकही वेल करपली नाही. ते दोन वेळा कुंपणाशी येऊन पाहून गेले.

रखमा उठून बसू लागली, पण दिनानाथांची झोप परत आली नाही. वरून येणारे पाणी तेच होते. एकदा धुतलेले बांधाचे पोट पुन्हा घाणीने भरणार होते. दर उधाणाला असा जुगार किती वेळा खेळायचा? शेवटी त्यांनी एक नारळ घेतला आणि ओहळाच्या काठाने वर चालू लागले.

खोल्यांच्या सर्वांत लांब ओळीचा मालक झुंबर हा नगरकडचा माणूस होता. वीजकेंद्राच्या कामावर गवंडी म्हणून आला आणि इथेच स्थिरावला. संडासांची रांग त्याने नेमकी ओहळावर झुकवून बांधली होती. दारात नारळ घेऊन उभा असलेला वृद्ध पाहून तो गडबडला.

"या बाबा. बसा. लग्नाचं आवतन का?"

"बांधाचं," दिनानाथ म्हणाले.

"कसला बांध?"

दिनानाथांना वाटले, हा माणूस मुद्दाम वेड पांघरतो आहे. परंतु झुंबरच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हते. "आवं, वाहतं पाणी हाय म्हणून तर हितं संडास बांधलं," तो म्हणाला. "समदं समुद्रात जातंय. समुद्राला काय कमी पडतंय व्हय?"

"समुद्रात नाय जात. आमच्याकडं थांबतं. आमी ते अडवतो, मुरवतो आणि पितो."

आतून झुंबरची बायको सोजराबाई बाहेर आली. "अगं बया! पितासा?" तिने कपाळावर हात मारला. "आन् आमाला कुनी सांगितलं न्हाई?"

"नाय सांगितलं," दिनानाथ म्हणाले. "दसऱ्यालाच हा नारळ यायला हवा होता. तो आज आणलाय."

मार्गशीर्षी पौर्णिमेच्या ओहोटीला फळ्या पुन्हा निघाल्या, आणि या खेपेस काठावर झुंबर, सोजराबाई आणि खोल्यांतले पाचसात जण अवघडून उभे होते. तळाची घाण वाहून गेली. वरची धार तेवढी उरली. वरचे पाणी त्याच्या दारचे, म्हणून रिवाजाचा क्रम मोडून झुंबरला आधी ओहळात उतरवले. त्याने ओंजळ भरली, चेहऱ्याजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकत राहिले. कोणी हसले नाही. तात्यांनीसुद्धा टोमणा मारला नाही.

"मला न्हाई पिववत, बाबा," झुंबर खालच्या आवाजात म्हणाला आणि ओंजळ सोडली. "संडास माघारी घेतो. काठापासून लांब खड्डं खांदतो. पर समद्याच खोल्या माझ्या न्हाईत. बाकीच्यांचं म्या कसं सांगू?"

"त्यांच्याकडं दोघं जाऊ," दिनानाथ म्हणाले.

आता त्यांची पाळी होती. पश्चिमेला चिखलाच्या कडेने पाणी चमकू लागले होते. अमावास्येच्या घाईत ओंजळ राहूनच गेली होती; एरवी शब्द उच्चारल्याशिवाय फळी उतरत नसे, आणि फळी उतरली नाही तर पौर्णिमेचे उधाण आळीत शिरणार होते. दिनानाथांनी पाणी जिभेला लावले. काठावर रखमा आजीच्या कडेवर होती.

त्यांनी पाणी थुंकून टाकले.

"गोड नाय," ते मोठ्याने म्हणाले. "फळी बसवा, पण हे पाणी कोणी प्यायचं नाय. उद्या ओहोटीला पुन्हा काढायची. परवाही. गोड होईपर्यंत."

आळीत कुजबुज उठली. अशी रोज काढायची फळी कोणाच्या आजोबांनी ऐकली नव्हती. तात्यांनी पुढे येऊन खालची फळी उचलली. तिचे दुसरे टोक कोणी धरले म्हणून ते वळले, तो झुंबर गुडघाभर चिखलात उभा होता.

"उद्या माघारी कवा फिरतंय पाणी?" त्याने विचारले.

"आजच्यापेक्षा जरा उशिरा," तात्या म्हणाले. "ये. आणि ते टोक सरळ धर, दिना बघतोय."

दिनानाथ खरोखरच बघत होते. खाचेकडे, आणि मग खाडीकडे.