विणायच्या सुईचा स्क्रूड्रायव्हर

मळवलीला, सासुरवाडीत, माझी ख्याती अशी की मी हातात पक्कड घेतली तर सासरे आधी मेन स्विच बंद करतात. मागे मी त्यांचा नळ दुरुस्त केला, तेव्हा शेजारून पाणी भरायची वेळ आली होती. त्यामुळे त्यांनी आपलं जुनं, सेलवरचं मनगटी घड्याळ माझ्या हातात दिलं तेव्हा मला भरून आलं. ते रोज थोडं पुढे पळायचं. लोणावळ्याच्या दुकानदाराने "नवीन घ्या" म्हणून हात झटकले होते, म्हणजे मी शेवटचा इलाज होतो. तरी गेलेली पत परत मिळवायची हीच संधी!

अशा घड्याळाच्या पोटात गती कमीजास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो, आणि तो महानखरेल. लोखंडी हत्यार टेकवलं की गती एक, उचललं की दुसरीच. प्लास्टिकचं हवं. ते बाजारात मिळतं, पण विकत आणलं तर जावयाचं कर्तृत्व काय राहिलं? टूथब्रशचा दांडा तासून पाहिला, तो मोडला. मग बायकोच्या विणायच्या प्लास्टिकच्या सुईचं टोक ब्लेडने चपटं केलं.

"स्वेटर अर्धा आहे माझा," ती म्हणाली.

विज्ञानाला त्याग लागतो, असं मी तिला सांगितलं. त्या दिवशी जेवण मी स्वतः वाढून घेतलं.

रोज मोबाइलशी ताडून बघत, स्क्रू केसभर फिरवत, घड्याळ अखेर सेकंदाला सेकंद जुळलं. अचूक वेळ लावून मी ते ऐटीत पोचवलं.

सासरे दर गुरुवारी लोकलने शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जातात. गाडी कधी चुकलेली नाही. त्या गुरुवारी फोन आला.

"जावईबापू, गाडी गेली की माजी! घड्याळ धा मिन्टं पुढं असतंय म्हनून च्या पीत बसलो."

घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवायचं आणि मनात दहा वजा करायची, हा त्या घरचा जुना रिवाज. मला तो सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती. मी भयंकर ओशाळलो.

रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत घड्याळ पुढ्यात ठेवलं. "आता नीट करा. धा मिन्टं पुढं."

मी खिशातून सुई काढली आणि परत ठेवली. काटे पुढे करायला हत्यार लागत नाही, चावी ओढून फिरवायची. फिरवली.

सासऱ्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं, निरखलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले, "आता कसं! लय हुशार हाय तुमी."

बायको माझ्या खिशाकडे बघत होती.